भरती नावाचा डबा

मित्रांनो, मी एक जुना डबा आहे, आणि माझ्या नावाने समुद्र चढतो.

हे वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवून ठेवलं होतं, म्हणून आधी ते टाकलं. आता खरं सांगतो. समुद्राला माझं नाव माहीत नाही. मी नव्हतो तेव्हाही तो चढत होता आणि मला पुसून टाकलं तरी चढेल. मी पत्र्याचा नाही, प्लास्टिकचा नाही, बोईसरच्या कामगारांच्या सायकलला लटकतो तो जेवणाचाही नाही. मी एका वेबसाइटच्या कोडमधला डबा आहे. शिकलेली माणसं मला व्हेरिएबल म्हणतात. डब्यावर नावाची चिठ्ठी असते, आत काहीतरी ठेवलेलं असतं, आणि कुणी त्या नावाने हाक मारली की आत असेल ते काढून द्यायचं, एवढंच आमचं काम. माझ्या चिठ्ठीवर एकच शब्द होता. भरती.

आडनाव नाही, गाव नाही. नुसतं भरती. या एका गोष्टीवरून पुढे जे रामायण झालं, त्यात सगळ्यांनी मिळून मला गुन्हेगार ठरवलं. म्हणून हे आत्मवृत्त. आत्मवृत्त सांगणाऱ्या जुन्या वस्तूंनी शेवटी डोळ्यांत पाणी आणायचं असतं, हे मला ठाऊक आहे. छत्री आणते, फळा आणतो, परवा एका पाटीनेही आणलं म्हणतात. मी आणणार नाही.

माझा जन्म दातिवऱ्याचा. तिथला नीलेश तामोरे पालघरच्या कॉलेजात संगणक शिकत होता. त्याने गावच्या मच्छीमारांसाठी ‘आपला किनारा’ नावाची वेबसाइट केली आणि तिच्यात तीन डबे ठेवले. एक वारा, एक मासळी आणि एक मी. माझ्यात भरतीचा दिवस, वेळ आणि उंची असायची. उंची म्हणजे पाणी किती मीटर चढणार ते. ‘मीटर’ हा शब्द नीलेशने लिहिला नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याला तो कशाला सांगावा लागतो, असं त्याचं म्हणणं.

नीलेशचे काका, गोमाकाका, हे माझे पहिले वाचक. त्यांची स्वतःची होडी होती. खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली, त्यामुळे पाणी चढल्याशिवाय होडी आत येत नाही. भरती कधी हे त्यांना माझ्याशिवायही कळायचं. तरी ते रोज मला उघडून बघायचे. शाळा तपासायला साहेब येतात तसे.

“काय म्हनतो आज पोराचा डबा?” पारूकाकी विचारायच्या.

“बरोबर बोलतो. समुद्रासारकंच बोलतो.”

“मग समुद्रच बगा ना. त्याला रिचार्ज नाय लागत.”

असे माझे कौतुकाचे दिवस होते.

आता मी राहत कुठे होतो ते सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण तिथूनच सुरू होतं. जावास्क्रिप्ट या भाषेत एक भलं मोठं मोकळं मैदान असतं. त्याला ग्लोबल म्हणतात. तिथे ठेवलेला डबा कुणीही उघडावा, कुणीही रिकामा करावा, कुणीही भरावा. मैदानाला कुंपण नाही आणि राखणदार नाही. नीलेशने आम्हा तिघांना तिथे नेऊन ठेवलं. त्यात तेव्हा काही चूक नव्हती. तिघांच्या वस्तीत आडनाव विचारतो कोण?

तिकडे बोईसरला प्रियदर्शिनी भंगाळे नावाची मुलगी होती. वडील जळगावकडून वीजकेंद्रात नोकरीला आलेले, ती वाढली बोईसरलाच. तिने ‘नोकरी कट्टा’ नावाची वेबसाइट केली होती. तारापूरच्या कोणत्या कारखान्यात माणसं घेतायत, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या गेटवर, सोबत काय आणायचं, हे सगळं तिने एका डब्यात ठेवलं होतं. त्या डब्यावर चिठ्ठी होती. भरती.

तिचंही काही चुकलं नव्हतं. बोईसरमध्ये भरती म्हणजे नोकरभरती. समुद्र तिथून जवळच आहे, पण तो रविवारचा.

या दोघांना एकत्र आणलं बळवंतराव चुरी यांनी. उमरोळीला त्यांची चिकूची वाडी आहे आणि वाडीच्या कडेला किनारा विकास मंडळाचं ऑफिस आहे. अध्यक्ष तेच. उमरोळी पालघर आणि बोईसरच्या मधोमध येते, तेव्हा या भागाचं नेतृत्व उमरोळीकडे असणं निसर्गानेच ठरवलेलं आहे, असं ते भाषणात सांगतात. ते म्हणाले, “दोन वेबसाइटी कशाला? एकोपा पाहिजे. एकच करा.”

एकोपा झाला. नीलेशची फाइल आणि प्रियदर्शिनीची फाइल एका पानावर आल्या. नीलेशच्या फाइलीने मैदानात मला ठेवलं. मागून प्रियदर्शिनीची फाइल आली आणि म्हणाली, भरती नावाचा डबा हवा. जावास्क्रिप्टने बघितलं, या नावाचा डबा आहेच की. तोच दिला. इशारा नाही, तक्रार नाही, साधं खाकरणंही नाही. हा स्वभाव मला पुढे मंडळाच्या बैठकांतही दिसला.

तेव्हापासून माझे मालक दोन झाले. समुद्राची माहिती एकीकडून यायची, कारखान्याची दुसरीकडून, आणि दोघं मलाच भरायचे. जी शेवटी यायची ती आत राहायची, आधीची फेकली जायची. त्यामुळे एका फोनवर माझ्यात समुद्र, तर दुसऱ्या फोनवर कारखाना. उद्घाटनाच्या दिवशी हे सहज लक्षात आलं असतं. पण बळवंतरावांच्या फोनची बॅटरी संपली होती, म्हणून नारळ फोडून तपासणी पूर्ण झाली.

आणि मग मी एकाच घरात दोन फोनांवर दोन वेगळ्या गोष्टी बोललो.

ते घर गोमाकाकांचं. त्यांची मुलगी प्रतीक्षा पालघरच्या आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन होऊन बाहेर पडली होती. तारापूरचा एक कारखाना वर्षातून एकदा मुलींना शिकाऊ म्हणून घ्यायचा. यंदा तिथे लागली तर लागली, नाहीतर आईसोबत पालघरच्या बाजारात मासळी घेऊन बसायचं, असं घरात ठरलं होतं. तिला मासळीची लाज नव्हती. पण दोन वर्षं ती वायरी जोडायला शिकली होती, आणि पापलेटात वायरी नसतात.

आयटीआयच्या सरांनी तिला सांगितलं, “शनिवारी आहे. वेळ वेबसाइटवर बघ.”

तिने बघितली. तिच्या फोनवर मी म्हणालो : भरती. शनिवार, दुपारी १.२०. उंची ४.८.

मित्रांनो, हे पुन्हा एकदा वाचा. यात चुकीचं काय दिसतं? दिवस सरांनी सांगितला तोच. वेळ वेळेसारखी. आणि उंची तर भरतीच्या जाहिरातीत असतेच. तिने ती चार फूट आठ इंच अशी वाचली, दाराच्या चौकटीला पाठ लावून स्वतःला मोजलं, पाच फूट एक भरली, आणि ती खूश झाली.

त्याच वेळी ओटीवर गोमाकाकांच्या फोनवर मी म्हणत होतो : भरती. शनिवार, सकाळी १०. गेट नंबर ३. सोबत दोन फोटो आणि आधार कार्ड.

गोमाकाका पोट धरून हसले. “पारू, ऐकलं का? शनवारी समुद्रात जायाला आधार कार्ड लागतंय!”

“मग काडून ठेवा. आनि फोटोत जरा हसा, नायतर पानी चडायचं नाय.”

“गेट नंबर तीनवरनं सोडनार हायेत होड्या!”

प्रतीक्षा आतल्या खोलीत कानात गाणी लावून कागदपत्रं लावत होती. तिला यातलं काही ऐकू गेलं नाही. बापाच्या हातात लेकीची भरती होती, लेकीच्या हातात बापाची, आणि मध्ये एक पडदा होता. कापडाचा.

शनिवारी ती एक वाजायच्या आत कारखान्याच्या गेटवर पोचली. वॉचमन खुर्चीत बसला होता.

“मैडम, भरती तो सुबह दस बजे थी. सब चाय पीके चले गये.”

“एक वीस लिहिलंय. हे बघा. हाइट पण दिलीय.”

त्याने फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. “चार-आठ? इधर हाइट कौन पूछता है? इधर बस इतना पूछते हैं, नाइट करोगे क्या.”

ती गेली नाही. तेवढ्यात आणखी एक मुलगी आली. मग दोघी आल्या. एक वीस वाजेपर्यंत गेटवर बऱ्यापैकी गर्दी झाली आणि सगळ्या जणी चार फूट आठ इंचांच्या वर होत्या. शेवटी आतून एक अधिकारी बाहेर आले. सकाळी फार कमी मुली आल्याचं त्यांना आश्चर्य वाटलं होतंच. म्हणाले, “जागा उरल्या आहेत. पुढच्या शनिवारी परत घेऊ. वेळ वेबसाइटवर टाकतो.”

“वेबसाइटवर नको,” प्रतीक्षा म्हणाली. “आत्ता तोंडाने सांगा.”

“अजून ठरली नाही. आणि वेळ वेबसाइटवरच टाकायची असा नियम आहे.”

घरी आल्यावर तिने झालं ते सांगितलं. गोमाकाकांनी आपला विनोद सांगितला. मग दोघांनी एकमेकांचे फोन मागून घेतले.

“कोळ्याची पोर ना तू?” गोमाकाका म्हणाले. “एक वीस, चार-आट. समुद्राची भरती वळकली नाय तुला?”

“बाबा, तुमची भरती दिवसातनं दोनदा येते. माजी वर्सातनं एकदा. मला कुटली आटवनार?”

गोमाकाकांनी सदरा घातला. बापलेक दोघं आपापला फोन घेऊन उमरोळीला गेले.

मंडळाच्या ऑफिसात टेबलावर दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवण्यात आले. नीलेशने बघितलं आणि म्हणाला, “माझा कोड बरोबर आहे.” प्रियदर्शिनीने बघितलं आणि म्हणाली, “माझाही बरोबर आहे.” दोघंही खरं बोलत होते. मग दोघांनी मिळून माझ्याकडे बोट दाखवलं.

“ग्लोबल आहे ना,” नीलेश तोंड वाकडं करून म्हणाला. “ग्लोबलमध्ये ठेवलं की असंच होतं.” मला तिथे कुणी ठेवलं होतं, हे त्याने सांगितलं नाही. मला बोलता येत नव्हतं. आज येतंय, म्हणून सांगतो. मी एक शब्द खोटा बोललो नाही. समुद्र टाकलात, समुद्र दिला. कारखाना टाकलात, कारखाना दिला. एका दारावर दोन बिऱ्हाडं बसवायची आणि मग दारालाच चारित्र्य नाही म्हणायचं, हे मी मान्य करणार नाही.

बळवंतरावांनी प्रश्न तिथल्या तिथे सोडवला. “सोपं आहे. एक भरती-१, एक भरती-२. चहा सांगा.”

“समुद्र कितवा?” गोमाकाकांनी विचारलं.

“दोन.”

“का?”

“कारखाना रोजगार देतो, गोमा.”

“आनि समुद्र काय वर्गनी मागतो? शुक्रवारी तुमी पापलेट कारखान्यातनं आनता काय?”

“बरं, मग समुद्र एक.”

“म्हणजे आम्ही दोन नंबरचे?” प्रियदर्शिनी म्हणाली. “बाहेरून आलो म्हणून?”

बळवंतरावांनी आकडे मागे घेतले आणि अ, ब सुचवले. ब व्हायला कुणी तयार नव्हतं. जुनी भरती, नवी भरती सुचवली. त्यावर समुद्र जुना म्हणजे बाद झाला का, असं गोमाकाकांनी विचारलं. नीलेश हळूच म्हणाला, “भरती-फायनल?” त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. चहा आला, कपांवर साय धरली, आणि शनिवार तेवढाच जवळ आला.

प्रतीक्षा उभी राहिली. “बाबा, आपल्या गावात सुलू किती?”

“हां?” गोमाकाका विचार करू लागले. “बंदरावरची सुलू. चिंचेखालची सुलू. मास्तरांची सुलू. आनि ती भांडकुदळ...”

“कुनाला सुलू-दोन म्हटलं का कदी?”

“म्हनून बग. दारात येऊन काय करल ती!”

“मग समुद्राला आनि कारखान्याला कशाला आकडे लावता? ज्याचं त्याला घर द्या. नाव तेच राहू दे.”

प्रियदर्शिनीने कप खाली ठेवला. “नेमस्पेस,” ती म्हणाली.

“म्हणजे काय?” बळवंतरावांनी विचारलं.

“प्रतीक्षा म्हणते तेच. इंग्रजीत.”

मग ती कामाला लागली. नेमस्पेस म्हणजे डबे ठेवायचा मोठा डबा. समुद्र नावाचा एक मोठा डबा केला, त्यात नीलेशचे वारा, मासळी आणि भरती ठेवले. कारखाना नावाचा दुसरा केला, त्यात तिची भरती ठेवली. आता नुसतं ‘भरती’ अशी हाक मारायची नाही. ‘समुद्र.भरती’ म्हणायचं किंवा ‘कारखाना.भरती’ म्हणायचं. मधला ठिपका म्हणजे घराचा उंबरा. दोन्ही घरांत भरती, पण ही तिच्या घरात जात नाही आणि ती हिच्या.

नीलेशने आणखी एक सुचवलं. सगळ्यांच्या वर एकच मोठा डबा असावा. मैदानात आपलं एकच नाव दिसेल, उद्या तिसरी कुणाची फाइल आली तरी धक्काबुक्की होणार नाही.

“त्याला माझं नाव द्या,” बळवंतराव म्हणाले. “बळवंतराव.समुद्र.भरती. ऐकायला भारदस्त वाटतं.”

गोमाकाकांनी विचारलं, “समुद्राच्या वर तुमी?”

शेवटी त्या डब्याचं नाव ‘मंडळ’ ठरलं. अशा रीतीने समुद्र मंडळाच्या अखत्यारीत आला. त्यावर समुद्राची प्रतिक्रिया अजून कळलेली नाही.

प्रियदर्शिनीने वर एक ओळ लिहिली आणि अध्यक्षांना वाचून दाखवली. मंडळ आधीच असेल तर तेच घे, नसेल तरच नवं कर. बळवंतराव थक्क झाले. “असं चालतं? आमच्याकडे भांडण झालं की मंडळ असलं तरी नवं करतात.”

राहता राहिलो मी. मैदानातला मूळ डबा. माझ्यातलं सगळं काढून नव्या घरांत नेलं होतं. नीलेशने मला पुसायला बोट उचललं.

“थांब,” प्रियदर्शिनी म्हणाली. “कुठेतरी कुणी अजून त्याच्या नावाने हाक मारत असेल तर?”

नीलेशने बोट खाली घेतलं आणि माझ्या शेजारी एक टीप लिहिली : ‘जुनी भरती. काढू नये. काय होईल सांगता येत नाही.’ भरलेला होतो तेव्हा माझ्याबद्दल इतक्या आदराने कुणी लिहिलं नव्हतं.

शुक्रवारी कारखान्याची वेळ आली. पारूकाकींनी दोन्ही फोन मागून घेतले आणि दारात उभं राहून ताडून बघितले. नवऱ्याच्या फोनवर मंडळ.समुद्र.भरती, त्यात संध्याकाळची वेळ. मुलीच्या फोनवर मंडळ.कारखाना.भरती, त्यात शनिवार सकाळ, नऊ, गेट नंबर ३.

“दोगं येगयेगळं बोलतात,” त्या म्हणाल्या. “म्हंजे बरोबर हाय. जा आता.”

प्रतीक्षा सकाळी गेटवर होती. मीही होतो, तिच्या खिशातल्या फोनमध्ये, रिकामा. आत वायरी जोडायची परीक्षा झाली, प्रश्न विचारून झाले. वॉचमन सांगत होता ते खरं निघालं. उंची कुणी विचारली नाही, नाइट विचारली. दुपारी तेच अधिकारी बाहेर आले आणि निवडलेल्यांची नावं घेऊ लागले.

“प्रतीक्षा!”

दोघी उठल्या. दुसरी बोईसरच्या कॉलनीतली होती, प्रतीक्षा खैरनार.

“एकच उठा,” अधिकारी म्हणाले.

“कुठली?” प्रतीक्षाने विचारलं.

“अहो, मला एवढा वेळ नाही. प्रतीक्षा म्हटलं ना.”

“मागच्या शनवारीपन वेळच चुकली होती, साहेब. पूर्न नाव घ्या. गाव घ्या. त्याशिवाय आमी दोगी बसनार नाय.”

खैरनारांची प्रतीक्षाही उभीच राहिली. मागे बसलेल्या मुली हसायला लागल्या. वॉचमनने खुर्ची वळवून घेतली. अधिकाऱ्यांनी चष्मा पुसला आणि नाइलाजाने मोठ्याने वाचलं, “प्रतीक्षा गोमा तामोरे. दातिवरे.”

ती खाली बसली. त्यानंतर त्यांनी दुसऱ्या प्रतीक्षाचंही पूर्ण नाव वाचलं, कारण तिचीही निवड झाली होती. दोघीही निवडलेल्या असताना ते एकीला बसवायला निघाले होते.

मित्रांनो, माझी कहाणी एवढीच. मी अजून त्या मैदानात आहे. माझ्यात काही नाही, मला कुणी हाक मारत नाही, आणि मी मान खाली घातलेली नाही. जुन्या वस्तूने जाता जाता काहीतरी मागायचं असतं, म्हणून मीही मागतो, पण हात जोडून मागणार नाही. पुढे तुम्ही कोड लिहाल, मंडळं काढाल, कदाचित गेटवर उभं राहून नावं घ्याल. कुणालाही नुसत्या नावाने चव्हाट्यावर सोडू नका. घर द्या आणि घरासकट हाक मारा. आणि दोन जण एका नावाचे निघाले, तर आकडा चिकटवून मोकळे होऊ नका. दोन नंबरचं कुणीही नसतं. समुद्र नसतो, कारखाना नसतो आणि सुलू तर नसतेच.

प्रतीक्षा आता कारखान्यात दुसऱ्या पाळीला जाते. कारखान्याच्या संगणकात एका नावाच्या दोघी झाल्या, म्हणून तिच्या ओळखपत्रावर ‘प्रतीक्षा-२’ असं छापून आलं. ते बदलून द्या म्हणून तिने दोनदा अर्ज दिला. प्रतीक्षा-१, म्हणजे खैरनारांची, पंधरवड्यात नोकरी सोडून गेली. कार्ड तेच आहे.